पाच वॅटची हाक

रात्री जिन्यात किंवा माजघरात लागणारा तो लहानसा 'झिरोचा दिवा' तुमच्या घरी कधी ना कधी असेलच. नाव झिरो, पण तो काही फुकट जळत नाही. जुन्या धर्तीचा हा दिवा बारा ते पंधरा वॅट वीज खातो आणि त्या बदल्यात पायरी दिसेल न दिसेल एवढाच उजेड देतो. आता असे समजा, की या दिव्याच्या विजेचे तीन वाटे केले, त्यातला एकच वाटा, म्हणजे पाच वॅट, एका उघड्या तारेत सोडला आणि म्हटले, 'जा बाबा, ब्राझीलला जाऊन ये.' तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. परंतु तो जातो. नुसता जात नाही, तर तिथल्या माणसाकडून उत्तर घेऊन येतो. त्याच्या या प्रवासाची, आणि त्या निमित्ताने माझ्या हातून घडलेल्या एका गोष्टीची हकिकत आज तुम्हांला सांगायची आहे.

मी साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. एम. ए. झालेल्या माणसाने मराठेशाहीची दप्तरे चाळावीत, त्याने बिनतारी यंत्राच्या नादी का लागावे, असे माझे सहकारी अजूनही विचारतात. त्याचे उत्तर माझ्या घरातच आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तारमास्तर होते. उभी हयात त्यांनी तारघरात 'कडकट्ट' ऐकण्यात घालवली. १५ जुलै २०१३ रोजी देशातली तारसेवा बंद झाली, त्या दिवशी अण्णा दुपारी जेवले नाहीत. निवृत्त होऊन त्यांना तोवर बरीच वर्षे झाली होती. पण आपण शिकलेली भाषा आता कुणीच बोलणार नाही, हे त्यांच्या जिवाला लागले असावे. पुढे मला जेव्हा कळले, की हौशी बिनतारीवाले अजून तीच भाषा बोलतात, तेव्हा मी अण्णांकडेच शिकवणी लावली. चाळिशीत आलेला प्राध्यापक बापापुढे पाटी घेऊन बसला, आणि दोघांनाही त्यात मौज वाटू लागली.

या हौशी मंडळींना जगभर 'हॅम' म्हणतात. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, मग तुम्हांला एक संकेतनाव मिळते. आपल्या देशातल्या हॅम लोकांची नावे बहुतेक 'व्ही यू' या दोन अक्षरांनी सुरू होतात. मोर्सच्या लिपीत ते ऐकायला छान वाटते : डि-डि-डि-डा, डि-डि-डा. या छंदातून पैसा मिळवायचा नाही, धंद्याच्या गोष्टी बोलायच्या नाहीत. मग करायचे काय? तर दूरच्या माणसाला हाक मारायची आणि त्याने ओ दिली की समाधान मानायचे. बस्स, एवढेच.

हे एवढेसे काम किती मोठे ठरले, ते इतिहासाचा मास्तर म्हणून थोडक्यात सांगतो. १९१२ साली अमेरिकेत कायदा झाला आणि हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरी देण्यात आल्या. लांबच्या निरोपासाठी लांब लहर हवी, अशी त्या काळच्या जाणत्यांची समजूत होती. तेव्हा या आखूड लहरी म्हणजे गावाबाहेरचे माळरानच! पोरांनी खुशाल तिथे खेळावे, असा त्यातला हिशेब. परंतु पोरे खेळता खेळता भलतीकडेच पोहोचली. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सच्या नीस शहरातले लेऑन देलॉय आणि अमेरिकेतले फ्रेड श्नेल यांनी सुमारे १०० मीटरच्या लहरीवर अटलांटिक ओलांडून एकमेकांशी संभाषण केले. पुढच्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९२४ रोजी, न्यूझीलंडमधला फ्रँक बेल नावाचा मेंढपाळ शेतकरी आणि लंडनच्या मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी, हे दोघे पृथ्वीच्या जवळजवळ दोन टोकांवरून एकमेकांशी बोलले. ज्यांना माळरान म्हणून दूर सारले होते, त्याच लघुलहरींवर पुढे साऱ्या जगाची नभोवाणी उभी राहिली.

हे कसे घडते? आपल्या डोक्यावर, साधारण साठ-सत्तर किलोमीटरपासून तीन-चारशे किलोमीटरपर्यंत, सूर्याच्या तेजाने भारलेले हवेचे थर आहेत. लघुलहर वर गेली की सर्वांत वरचा थर तिला वाकवून पुन्हा जमिनीकडे पाठवतो. जमीन तिला पुन्हा वर टोलवते. पाण्यावर चपटा दगड फेकला की तो टप्पे घेत पैलतीराला जातो ना, तसाच हा प्रकार. मात्र या थरांचा स्वभाव वेळेप्रमाणे बदलतो. दिवसा सगळ्यांत खालचा थर जागा असतो आणि तो ४० मीटरसारख्या लांब लहरी वाटेतच गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा खालचा थर विरतो, वरचा मात्र टिकून राहतो. म्हणून सूर्योदय आणि सूर्यास्त या दोन संधिकाळी बिनतारीवाला पाणी प्यायलाही उठत नाही. याखेरीज सूर्यावरच्या डागांचे अकरा वर्षांचे एक चक्र आहे. डाग वाढले की १० आणि १५ मीटरच्या लहरी दिवसा जोरात धावतात. २०२४ साली हे चक्र भरात आले होते; मी ज्या दोन वर्षांची गोष्ट सांगणार आहे, त्या वेळी ते चढणीवर होते.

आता स्पर्धेकडे येऊ. नोव्हेंबरातल्या शेवटच्या पुऱ्या शनिवार-रविवारी मोर्सच्या लिपीतली एक जागतिक स्पर्धा असते. १९४८ सालापासून ती चालत आलेली आहे, आणि तिला 'सीक्यू वर्ल्डवाइड' म्हणतात. बोलण्याची स्पर्धा ऑक्टोबरात, कडकट्टाची नोव्हेंबरात. ग्रिनिचच्या मध्यरात्री ती सुरू होते. म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला. तिथून अठ्ठेचाळीस तास. सोमवारी पहाटे साडेपाचला संपते, आणि मग डोळे तांबारलेला प्राध्यापक सकाळच्या तासाला जातो.

स्पर्धेत दोघांनी एकमेकांचे संकेतनाव बरोबर घ्यायचे, आवाज कसा येतो त्याचे गुण सांगायचे आणि आपल्या विभागाचा क्रमांक द्यायचा. जगाचे चाळीस विभाग पाडलेले आहेत, आपला बाविसावा. गुण सांगण्याची मात्र गंमत आहे. ऐकू येवो न येवो, प्रत्येक जण दुसऱ्याला 'पाच नऊ नऊ' असे पैकीच्या पैकी गुण देतो! शिवाय वेळ वाचवायला नवाच्या जागी नुसते 'एन' हे अक्षर ठोकतात. इतके सढळ परीक्षक विद्यापीठातही मिळायचे नाहीत.

खरे गुण असे : दुसऱ्या खंडातल्या माणसाशी संभाषण झाले तर तीन, आपल्याच खंडातल्या पण दुसऱ्या देशातल्या माणसाशी झाले तर एक. म्हणजे जपान साडेसहा हजार किलोमीटरवर असला तरी आशियातलाच. त्याचा एकच गुण. या गुणांच्या बेरजेला गुणायचे असते ते तुम्ही प्रत्येक लहरीवर गाठलेल्या देशांच्या आणि विभागांच्या एकूण संख्येने. हा गुणाकार लक्षात ठेवा, कारण पुढे त्यानेच मला मोहात पाडले.

स्पर्धेत शक्तीप्रमाणे वर्ग असतात. काही लोक हजार-दीड हजार वॅटची यंत्रे आणि आकाशाला भिडणारे मनोरे घेऊन उतरतात. दुसरा वर्ग शंभर वॅटपर्यंतचा. तिसरा वर्ग पाच वॅटचा. दीड हजारांपुढे पाच म्हणजे सर्कशीतल्या हत्तीपुढे मुंगीच, असे तुम्ही म्हणाल. पण इथे थोडा हिशेब करू. ऐकणाऱ्याच्या यंत्रावर आवाजाचा जोर दाखवणारा एक काटा असतो, त्याच्या नऊ खुणा. काटा एका खुणेने चढायचा तर पाठवणाऱ्याला शक्ती चौपट करावी लागते. हेच उलट करून पाहा. शंभर वॅटचा माणूस सातव्या खुणेवर ऐकू येत असेल, तर पंचवीस वॅटचा सहाव्या खुणेवर आणि सव्वासहा वॅटचा पाचव्या खुणेवर येईल. आमचे पाच वॅट पाचाच्या जरासे खाली. म्हणजे वीज वीसपट कमी, पण कानाला फरक दोन खुणांहून किंचित जास्त, एवढाच! दीड हजारवाल्याशी तुलना केली तरी चार खुणा. हवा शांत असेल आणि ऐकणारा कानाचा तयार असेल, तर मोर्सचा बारीकसा सूर पहिल्या खुणेवरही वाचता येतो. अवघड असते ते अंतर नव्हे. अवघड असते ती गर्दी. तुमच्याच क्षणी, तुमच्याच जागेवर दहा मोठे आवाज हाक मारत असतात.

म्हणून पाच वॅटच्या माणसाची रीत वेगळी. त्याने 'या हो, मी इथे आहे' असे ओरडत बसण्यात फारसा अर्थ नाही. त्याने हिंडायचे, मोठी केंद्रे शोधायची आणि त्यांना गाठायचे. हाक मारण्याआधी ऐकायचे. तो चालक कोणत्या तालाने काम करतो, हाका बरोबर एका जागी घेतो की जराशा बाजूच्या, हे हेरायचे. सगळे एकदम ओरडून थकले, की त्या अर्ध्या सेकंदाच्या फटीत आपले नाव सरकवायचे. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे रविवारची वाट पाहायची. शनिवारी मोठ्या केंद्रांना जोरकस आवाजांची मेजवानी असते. रविवारी ती माणसे संपलेली असतात, आणि मग तेच चालक कान टवकारून कोपऱ्यातली कुजबुज ऐकू लागतात. आपल्याला आणखी एक फायदा. बाविसाव्या विभागात भारत, श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश, मालदीव एवढेच देश, आणि त्यांतून स्पर्धेला बसणारे थोडे. म्हणून 'व्ही यू' कानांवर पडले की पलीकडचा माणूस सहसा सोडून देत नाही.

माझी सामग्री अगदीच गरिबीची. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून मागल्या अंगणातल्या आंब्यापर्यंत वीस मीटर तांब्याची तार, मध्यावर बांबूने उचललेली. ही तार ४० मीटरच्या लहरीला बरोबर अर्धी बसते, आणि १५ मीटरच्या लहरीलाही तीच चालते, कारण तिथे ती तीन अर्ध्यांची होते. एका कपड्यात सदरा आणि टोपी! शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारले, "सर, एवढ्या उंचावर कपडे कोण वाळत घालणार हो?" यंत्र बारा व्होल्टच्या बॅटरीवर. संध्याकाळी घरोघरचे नवे दिवे आणि मोबाइलचे चार्जर इतका खरखराट करतात, की बारीक आवाज त्यात बुडून जातो. दुसऱ्यांच्या घरात जाता येत नाही. आपल्या घराचे मुख्य बटण मात्र मी दोन दिवस पुष्कळ वेळ बंद ठेवले. सौभाग्यवतींनी मेणबत्ती लावून पोळ्या केल्या आणि त्याबद्दल मला जे ऐकवले, ते मोर्समध्ये नव्हते.

२०२२ सालचा तो २६ नोव्हेंबर. पहाटे साडेपाचला ४० मीटरवर कान लावला, तर सगळा युरोप रात्रीच्या अंधारात जागा होता. उजाडेपर्यंत अकरा देश झाले. दिवस वर आला तशी ती लहर मेली; १५ मीटरवर आलो तर जपानी मंडळी रांगेने, शिस्तीने उभी. दुपारनंतर पुन्हा युरोप. आमच्या अण्णांनी खाट माझ्या खोलीतच आणून टाकली होती. त्यांची नजर आता अधू झाली आहे, पण कान शाबूत. माझ्याआधी ते नाव पकडीत आणि पडल्या पडल्या सांगत, "बल्गेरिया आहे रे. एल-झेड." तारघरात त्यांनी आयुष्यभर खटखट ऐकलेली, इथे शीळ, पण चार तासांत त्यांचे कान बसले.

रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास माझी एकशे साठ संभाषणे झाली होती. गुण ४१२, आणि देश-विभाग मिळून ७४. गुणाकार ३०,४८८. आणि तेवढ्यात १५ मीटरवर ब्राझीलचे एक केंद्र लागले. ब्राझील माझ्या वहीत नव्हता. त्याचा अकरावा विभागही नव्हता. म्हणजे तीन गुण, आणि ७४ चे ७६. गुणाकार ३१,५४० होणार. एका संभाषणात हजाराहून अधिक वाढ! साडेतेरा हजार किलोमीटरची वाट; अरबी समुद्र, आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून. मी हाक मारली. दुसऱ्याने उत्तर मिळवले. पुन्हा मारली. तिसऱ्याने मिळवले. चाळीस मिनिटे हेच. दोनदा तो थबकला, 'पुन्हा?' असे त्याने विचारले, आणि पुन्हा गर्दीने मला झाकून टाकले. आता आवाज उतरू लागला होता. अर्ध्या तासात ती वाट बंद होणार हे दिसत होते.

माझे यंत्र शंभर वॅटचे होते. पुढच्या बाजूला एक गोल बटण, ते मी शनिवारी पहाटे पाचावर आणून ठेवले होते. आता माझा हात त्या बटणाकडे गेला. तुम्हांला खरे सांगतो, विचार असा काही केलाच नाही. बटण फिरवले, काटा पन्नासावर नेला, आणि एक हाक मारली. लगेच उत्तर आले. माझे नाव स्वच्छ, पूर्ण. 'पाच एन एन अकरा.' मी 'पाच एन एन बावीस' दिले, त्याने आभार मानले. सगळे मिळून सात-आठ सेकंद. मी बटण पुन्हा पाचावर आणले आणि वहीत नोंद केली.

खाटेवरून अण्णा म्हणाले, "एकदम कसं ऐकलं रे त्यानं? इतका वेळ तर दाद देत नव्हता."

मी म्हणालो, "वारा फिरला असेल."

वास्तविक हे वाऱ्याचे काम नव्हे, हे अण्णांना माझ्याइतकेच ठाऊक होते. ते काही बोलले नाहीत, कुशीवर वळले.

तुम्ही म्हणाल, यात एवढे काय झाले? माझ्या परवान्याप्रमाणे मला पन्नास वॅट वापरता येतात. मी कायदा मोडत नव्हतो. पण शब्द मोडत होतो. या स्पर्धेत तुमच्या गच्चीवर येऊन काटा कोणी तपासत नाही. तुम्ही नोंदवही पाठवताना 'पाच वॅट' असा वर्ग लिहिता, आणि जग तो खरा मानते. अठ्ठेचाळीस तासांत कोणत्याही क्षणी पाचाच्या वर जायचे नाही, एवढीच अट. जो वर्ग केवळ माणसाच्या शब्दावर उभा आहे, त्यात मी सात-आठ सेकंदांची फट पाडली होती.

सोमवारी रात्री नोंदवही पाठवायला बसलो. पहिला विचार आला तो ती ओळ खोडून टाकण्याचा. पन्नास वॅट वापरले ते त्या एकाच संभाषणात. तेच नाही म्हटले की सगळे शुद्ध! परंतु परीक्षक सगळ्यांच्या वह्या एकमेकींशी ताडून पाहतात. ब्राझीलच्या त्या गृहस्थाच्या वहीत माझे नाव असणार, आणि माझ्या वहीत त्याचे नसणार. मग परीक्षकांच्या दृष्टीने खोटा कोण ठरणार? तो. त्याचे ते संभाषण रद्द, आणि वर त्या गुणांच्या दुप्पट दंड. म्हणजे माझी लबाडी झाकायला मला एका परक्या माणसाचे खरे पुसावे लागणार होते. एखादे संभाषण आपल्या गुणांत धरू नका, पण दुसऱ्याचे राहू द्या, अशी खूण करण्याची सोय असते, हेही मला माहीत होते. पण त्याने गुणांचा प्रश्न सुटतो. वर्गाचा सुटत नाही. पन्नास वॅट वापरले ते वापरलेच.

मी अण्णांना जाऊन सांगितले. चाळिशी उलटलेल्या माणसाला बापापुढे असे उभे राहणे सोपे नसते. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडे एक रीत होती. अक्षर नीट आलं नाही तर अंदाजानं लिहायचं नाही, परत विचारायचं. दहादा विचारलं तर समोरचा चिडायचा, शिव्याही द्यायचा. पण विचारायचं. एकदा रात्रपाळीला मी विचारलं नाही. गावाच्या नावातलं एक अक्षर मनानं बसवलं. 'आई अत्यवस्थ, निघून ये' अशी तार होती. ती दुसऱ्याच गावाला गेली. सकाळी चूक कळली, पुन्हा पाठवली. कुणी मला विचारलं नाही, कुणी दंड केला नाही. पण त्या मुलाला त्याची आई भेटली की नाही, ते मला आजतागायत माहीत नाही."

एवढे बोलून ते म्हणाले, "तुझं तर काहीच गेलेलं नाही. वर्ग बदल आणि झोप."

मी वर्ग बदलला. 'शंभर वॅटपर्यंत' असे लिहून वही पाठवली. त्या वर्गात माझा गुणाकार यादीच्या तळाच्या बाजूला गेला, आणि तिथेच तो शोभत होता.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक लहान यंत्र घेतले. त्याला पाचाच्या वर जाताच येत नाही. आपल्या मनाचा भरवसा किती धरायचा, हे कळण्याइतका इतिहास मी शिकवला आहे!

२०२३ सालच्या स्पर्धेत, २६ नोव्हेंबरच्या रविवारी संध्याकाळी, १५ मीटरवर पुन्हा ब्राझीलचे एक केंद्र लागले. तेच होते असे मी म्हणत नाही, दुसरे होते. पुन्हा गर्दी. पुन्हा मी हाका मारू लागलो. वीस मिनिटे झाली. आणि मग त्या चालकाने काय करावे? सगळी गर्दी ओरडत असताना तो थांबला आणि त्याने ठोकले, 'व्ही यू?' गर्दीने ऐकले नाही, ती ओरडतच राहिली. त्याने पुन्हा ठोकले, 'व्ही यू?' मी नाव दिले. त्याला एक अक्षर मिळाले. त्याने तेवढेच जोडून पुन्हा विचारले. मी पुन्हा दिले. दुसरे कोणी मध्ये घुसले; त्याने त्यांना उत्तर दिले नाही. पुन्हा विचारले. घड्याळ पाहिले असते तर तेवढ्या वेळात त्याला पाच-सहा जोरकस आवाज सहज घेता आले असते. त्याने ते सोडले, आणि आफ्रिकेच्या पलीकडून येणारी एक कुजबुज धरून ठेवली. सहाव्या खेपेला त्याने माझे नाव पूर्ण ठोकले. बरोबर. शेवटच्या अक्षरापर्यंत.

मी 'पाच एन एन बावीस' दिले. अण्णा खाटेवर उठून बसले होते. म्हणाले, "परत परत विचारतोय बघ. चांगला तारमास्तर आहे."

बारीक आवाज दूर गेला की आपल्याला पाठवणाऱ्याचे कौतुक वाटते. पाच वॅट साडेतेरा हजार किलोमीटर गेले, शाबास! पण त्या पाच वॅटांत मी माझे असे काय केले होते? तार बांधली, नाव ठोकले, वाट पाहिली. खरे काम पलीकडच्याने केले. त्याच्याजवळ मोठा मनोरा असेल, मोठे यंत्रही असेल. परंतु त्या क्षणी मला उपयोगी पडली ती त्याची शक्ती नव्हे, त्याचे कान. त्याने अंदाजाने नाव लिहिले नाही आणि कंटाळून सोडूनही दिले नाही.

काही महिन्यांनी परीक्षकांचा तपासणीचा कागद आला. ब्राझीलचे संभाषण टिकले होते. दुसरे एक मात्र गेले होते. शनिवारी पहाटे झोपेच्या भरात मी एका युरोपीय केंद्राच्या नावातले एक अक्षर मनानेच बसवले होते. तीन गुण गेले, वर सहा दंड. तो कागद मी अण्णांना वाचून दाखवला. ते हसले आणि म्हणाले, "विचारायला काय झालं होतं?"

तेव्हापासून माझ्या वर्गात एक लहानसा बदल झाला आहे. शेवटच्या बाकावर काही मुले असतात, पाच वॅटची. प्रश्न विचारला की त्यांचे ओठ हलतात, पण पुढच्या बाकांवरचे मोठे आवाज त्यांना झाकून टाकतात. पूर्वी मी जे ऐकू येईल ते उत्तर घेऊन पुढे जात असे. तास पुरा करायचा असतो ना! आता मी थांबतो. बाकीच्यांना गप्प करतो आणि म्हणतो, "तू. पुन्हा सांग." कधी तीनदा सांगावे लागते, कधी चारदा. उत्तर दर वेळी बरोबरच असते असे नाही. पण नाव मात्र मी आता पूर्ण घेतो.